फणसेकाका आणि शेवटचा भाव

फणसेकाकांना गाडी चालवता येत नव्हती. सायकल सोडली तर कुठलंही वाहन त्यांनी आयुष्यात चालवलं नाही, आणि सायकलसुद्धा ते बहुतेक वेळा हातात धरूनच नेत, कारण वाटेत कोणी ना कोणी बोलायला भेटायचंच. तरीही बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीत ज्या गाड्या उभ्या असत, त्यांतली एकही त्यांच्याशिवाय घेतली गेलेली नव्हती. नवी गाडी घ्यायची ठरली की लोक आधी बँकेत जात, मग देवळात, आणि मग फणसेकाकांकडे. आमच्या शेजारचे हर्षदभाई म्हणायचे, देवळात नंतर गेलं तरी चालतं.

उंच, बारीक अंगकाठी, पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट आणि खिशात घडी घातलेला मोठा रुमाल. युनिव्हर्सिटीच्या कचेरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. घराच्या ओट्यावर हिंचका होता, त्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे बघणं हा सकाळचा कार्यक्रम. त्यांचे आजोबा संस्थानच्या काळात सरकारी पागेत होते. "सरकारांसाठी घोडे घ्यायचे म्हणजे आजोबांना विचारल्याशिवाय नाही," असं काका सांगत. "ते घोड्याचे दात बघायचे, मी गाडीचा चेसिस नंबर बघतो. खानदानी विद्या आहे ही." यावर सुमनकाकू आतून म्हणायच्या, "आजेसासरे पागेत चंदी मोजायचे. घोडा घ्यायला दुसरी माणसं होती." काका हे ऐकत नसत. ऐकलंच तर हिंचक्याला पायाने जरा जोरात रेटा देत.

शोरूममध्ये गेल्यावर काका गाडीकडे बघत नसत. आधी सेल्समनकडे बघत. "गाम कयुं, भाई?" हा पहिला प्रश्न. पोरगा डभोईचा असो, पादऱ्याचा असो नाहीतर सावलीचा, काकांना त्या गावचं काहीतरी माहीत असायचंच. तिथल्या भाजीवरून, शाळेवरून, कुठल्या तरी जुन्या हेडमास्तरांवरून अर्धा तास निघायचा. तोवर त्या पोराला वाटू लागायचं, आपल्या वडिलांच्या ओळखीचं कोणी आलंय. मग काका बॉनेट उघडायला सांगत, इंजिनावर तळहात ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "हं." त्या 'हं'चा अर्थ काय ते मी एकदा विचारलं. म्हणाले, "मला काय ठाऊक? पण त्यालाही ठाऊक नसतं, हे महत्त्वाचं."

शोरूमची कॉफी ते घेत नसत. "ज्याची कॉफी प्यायची त्याच्याशी भांडता येत नाही." पाणीसुद्धा घरून आणलेलं. भाव गुजरातीत करायचे, राग आला तर मराठीत यायचा, आणि मॅनेजर केबिनमधून बाहेर आला की एकदम इंग्रजी. मॅनेजर बाहेर येणं म्हणजे निम्मी लढाई जिंकली, असं ते मानत. पण त्यांचं खरं शस्त्र एकच वाक्य होतं. सगळं ठरत आलं, सेल्समनने पेन उघडलं, की काका उठून उभे राहत आणि अगदी प्रेमाने म्हणत, "विचार करून सांगतो. आपल्याला घाई नाही."

हर्षदभाईंचं मांडवीजवळ कापडाचं दुकान. तीन पिढ्यांचा धंदा. असा माणूस गाडीचा भाव करायला एका मराठी पेन्शनरला घेऊन जातो, यावर त्यांच्याच घरात हसणं व्हायचं. हर्षदभाईंनी मला कारण सांगितलं होतं: "वेपारीने टाइमनी किंमत होय. फणसेकाकाने तो टाइम ज टाइम!" म्हणजे व्यापाऱ्याच्या वेळेला किंमत असते, काकांकडे वेळच वेळ. त्यांच्या गाडीसाठी काका एकाच शोरूममध्ये इतक्या वेळा गेले, की तिथल्या वॉचमनने त्यांना मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली. काका लग्नाला गेले. तिथे मॅनेजर भेटला. जेवणाच्या रांगेत, हातात ताट असताना, इन्शुरन्स बाहेरून घेण्याची परवानगी काकांनी मिळवली. "पंगतीत माणूस नाही म्हणत नाही," असं ते मला म्हणाले.

माझी गाडी घेतली तेव्हाची गोष्ट सोसायटीत अजून सांगतात. आमची मुलगी नुकतीच झाली होती, स्कूटरवरून तिला नेणं फावत नव्हतं. छोटीच गाडी घ्यायची होती. छाणी रोडच्या शोरूमचा एक भाव आला होता, मकरपुऱ्याच्या शोरूमचा दुसरा. छाणी रोडला मेहुल नावाचा गोरटेला, भिडस्त मुलगा होता. काका त्याच्या समोर सोफ्यावर बसले आणि तिथूनच त्यांनी मकरपुऱ्याच्या सेल्समनला फोन लावला. स्पीकरवर. ही त्यांची नेहमीची चाल.

"बोलो भाई, तुमचा शेवटचा भाव काय? मी आत्ता छाणी रोडला बसलोय. इथे मॅट आणि सीट कव्हर फुकट देतायत."

मेहुल दचकला. त्याने असलं काही कबूल केलं नव्हतं. पण फोनवरचा आवाज ऐकून तो आणखीच दचकला आणि म्हणाला, "काका, आ तो मारो साळो छे!"

फोनमधून आवाज आला, "जीजाजी? तमे?"

मी उठायच्या बेतात होतो. काका मात्र सोफ्यावर जरा पुढे सरकले आणि त्यांनी फोन दोघांच्या मधे टीपॉयवर ठेवला. म्हणाले, "म्हणजे घरचाच मामला. फारच छान. मेहुलभाई, तुम्ही जीजाजी. साळ्यापेक्षा कमी दिलंत तर बरं दिसेल का?"

पुढचा पाऊण तास काकांना काही बोलावंच लागलं नाही. जीजाजींनी मॅट दिल्या. साळ्याने मॅट आणि कव्हरं. जीजाजींनी हँडलिंग चार्ज काढून टाकला. साळा म्हणाला, तो चार्ज आम्ही लावतच नाही. मेहुलचा चेहरा लाल झाला. लग्नात सासरच्यांनी स्कूटर देणार म्हणून सांगितलं होतं आणि घड्याळावर भागवलं, तोही विषय त्या ओघात निघाला. इतक्यात मेहुलचाच मोबाइल वाजला. बायकोचा फोन. भावाने दुसऱ्या फोनवरून तिला कळवलं होतं. मेहुल कोपऱ्यात जाऊन "हा… हा… पण तू सांभळ तो खरी…" असं करत राहिला आणि परत येऊन खाली मान घालून म्हणाला, "काका, मकरपुराथी लई लो. एनो टार्गेट बाकी छे."

मकरपुऱ्याचीच गाडी घ्यायची ठरवून बाहेर आल्यावर मी हसून हसून रस्त्याच्या कडेला बसलो. काका गंभीर होते. म्हणाले, "मिलिंद, भाव शोरूममध्ये ठरत नाही रे. घरात ठरतो." आणि सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालायला लागले.

आता सुमनकाकूंचं.

काकांच्या घरी गाडी नव्हती. घ्यायची होती. काकूंच्या गुडघ्यांनी स्कूटर सोडायला लावल्यापासून घ्यायची होती, म्हणजे मी त्या सोसायटीत राहायला आलो त्याच्याही आधीपासून. पण काकांच्या पंचांगात गाडी घ्यायला महिनाच नव्हता. पाडव्याला म्हणायचे, मार्चमध्ये त्यांची टार्गेटं झालेली असतात, कोणी दबत नाही. अक्षय्य तृतीयेला मुहूर्ताची गर्दी. पावसाळ्यात सूट असते, पण विश्वामित्री नदीचं पाणी चढलं की यार्डातल्या गाड्या बुडतात, त्यातली एखादी पुसून आपल्या गळ्यात मारतील. पितृपक्षात भाव सगळ्यात चांगला, पण आजोबांना आवडणार नाही. नवरात्रात सेल्समन रात्रभर गरबा खेळून आलेले, अर्धवट झोपेतल्या माणसाशी सौदा करणं हा अधर्म. धनतेरसला रांगा. डिसेंबरात भरपूर सूट, पण जानेवारी उजाडला की गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी. जानेवारीत भाववाढ, आणि मग उत्तरायण आलंच, सगळे पतंगांच्या मागे. नवं मॉडेल यायचं असलं तर ते येईपर्यंत थांबायचं, आणि आलं की त्यातले दोष कळेपर्यंत थांबायचं.

काकू आधी भांडल्या, मग चिडवू लागल्या, मग गप्प झाल्या. गप्प झाल्या तेव्हा काकांना वाटलं, पटलं.

माझी गाडी घेऊन बरीच वर्षं झाल्यावर एका उन्हाळ्यात पाणीगेटला राहणाऱ्या काकूंच्या थोरल्या बहिणीचं, अक्कांचं, खुब्याचं हाड मोडलं. अक्का एकट्याच. काकू रोज सकाळी डबा घेऊन समाहून पाणीगेटला रिक्षाने जाऊ लागल्या. मे महिन्याचं बडोद्याचं ऊन म्हणजे काय ते बडोदेकरालाच ठाऊक. एके दिवशी परत येताना त्यांना रिक्षातच घेरी आली. रिक्षावाल्याने आणि मी धरून त्यांना ओट्यावर बसवलं. डब्यातलं उरलेलं वरण साडीवर सांडलं होतं. काका घाबरले, पळत पाणी घेऊन आले, पंखा लावला, रुमाल ओला करून त्यांच्या कपाळावर ठेवला. सगळं अगदी मनापासून. आणि मग त्यांना धीर द्यायला म्हणाले, "आता थोडेच दिवस, सुमन. पंधरवड्यात पावसाळी ऑफर येईल."

काकूंनी रुमाल कपाळावरून काढला, नीट घडी केली आणि काकांच्या हातात परत दिला.

दुसऱ्या आठवड्यापासून काकू संध्याकाळी भजनाला जाऊ लागल्या. भजन कुठे, कोणाकडे, हे काकांनी विचारलं नाही. सगळ्या सोसायटीला माहीत होतं की काकू ड्रायव्हिंग क्लासला जातात. मी त्यांना 'एल' लावलेल्या गाडीत पाहिलं, हर्षदभाईंनी पाहिलं, दूधवाल्याने पाहिलं. एकदा तर मी काकांच्या शेजारी हिंचक्यावर बसलो असताना ती गाडी समोरून गेली. आत काकू, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं, नजर समोर. काकांनी निरखून पाहिलं आणि म्हणाले, "हे जुनं मॉडेल. पिकअप नाही याला."

पावसाळा सुरू होऊन बरेच दिवस गेले तरी ऑफर काकांच्या मनासारखी आली नव्हती. काकूंचं पक्कं लायसन्स मात्र आलं. एका सकाळी त्या आमच्या दारात उभ्या. नेसून, पर्स घेऊन.

"मिलिंद, अर्धा दिवस रजा टाक. छाणी रोडला जायचंय."

"काकांना…?"

"ते लायब्ररीत गेलेत. आणि हे बघ, तू फक्त बसायचंस. तोंड उघडायचं नाही."

"पण काकू, एवढे पैसे…"

"माझ्या शाळेतल्या नोकरीच्या फंडाची एफडी होती. तिची मुदत परवा संपली. माझी कधीच संपलीय."

मेहुल आता सीनियर झाला होता, कानांवर थोडे केसही पांढरे झाले होते. काकूंना त्याने सोसायटीच्या गणपतीत काकांबरोबर पाहिलेलं होतं. तो उठून उभा राहिला आणि त्यांच्या मागे दाराकडे बघत म्हणाला, "काकी, काका नथी आव्या?"

"नाही आले."

"पाछळ आवे छे?"

"नाही येत. ती पांढरी गाडी, ती छोटी. रस्त्यावर येईपर्यंत सगळं धरून किती?"

मेहुलने आकडा सांगितला. तोंडाला येईल तो, सवयीने फुगवलेला. पुढे अर्धा महिना काकांशी घासाघीस करायची आहे, या हिशेबाने सांगितलेला. माझ्या जिभेच्या टोकावर चार प्रश्न आले. मी दोन्ही ओठ दाबून धरले.

काकू म्हणाल्या, "बरं."

मेहुल थांबला. त्याला वाटलं, पुढे काही येईल. काही आलं नाही.

"बरं एटले?"

"बरं म्हणजे बरं. सही कुठे करू?"

इतक्या वर्षांत फणसे नावाच्या माणसाने त्या शोरूममध्ये पहिल्या भावाला 'बरं' म्हटलेलं नव्हतं. मेहुलच्या कपाळावर एसीत घाम आला. ही काहीतरी नवी चाल आहे, अशी त्याची खात्रीच झाली. तो म्हणाला, "काकी, आमां हँडलिंग चार्ज भूलथी लखाई गयो छे," आणि त्याने तो काढला. काकूंनी मान हलवली. त्यामुळे तो आणखी घाबरला. मॅट दिल्या. कव्हरं दिली. मग आत धावत गेला, आणि काचेच्या केबिनमधून मॅनेजर मान वर करून काकूंकडे बघताना मला दिसला. तो बाहेर आला. काकूंना नमस्कार करून म्हणाला, "मॅडम, सरने जो भी दूसरी जगह का भाव निकाला है, बता दीजिए."

"सरांना माहीतच नाही," काकू म्हणाल्या. "मला गाडी हवी आहे. तुमच्याकडे आहे ना?"

मॅनेजरने मेहुलकडे पाहिलं. मेहुलने मॅनेजरकडे. मग मॅनेजरने खिशातून पेन काढलं, आधीचा आकडा खोडला आणि खाली दुसरा लिहिला. मी तो वाचला आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. सोसायटीत त्या भावात गाडी कोणीच घेतली नव्हती. काकूंनी कॉफी मागवली. सगळी प्यायल्या. बिस्किटंसुद्धा खाल्ली.

घरी आलो तेव्हा काका हिंचक्यावर होते. काकू त्यांच्या समोर खुर्ची घेऊन बसल्या.

"मी गाडी घेतली."

हिंचका चालूच राहिला. "कोणासाठी?"

"माझ्यासाठी. लायसन्स काढलंय मी."

काकांनी पाय टेकवले. वाटलं, आता रागावतील. पण तोंडातून निघालं ते एवढंच: "कितीला?"

काकूंनी सांगितलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"इन्शुरन्स?"

"आपल्या मर्जीने, बाहेरचा चालेल म्हणाले."

"चेसिस? महिना कुठला?"

"याच महिन्यातली. त्यांनीच दाखवलं."

"मॅट?"

"दिल्या."

"कव्हरं?"

"दिली."

"म्हणजे…" काका म्हणाले. "मागायचं काही राहिलंच नाही?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मला सांगायचं होतंस, सुमन."

"सांगत होते की," काकू म्हणाल्या. "रोज सांगत होते."

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण दोघांच्या मधून जाण्याशिवाय वाट नव्हती.

दोन दिवस काका नीट जेवले नाहीत, असं काकूंकडून कळलं. तिसऱ्या दिवशी ते सायकल हातात धरून एकटेच मकरपुऱ्याला गेले आणि संध्याकाळी परत आले. घामाघूम. मला हाक मारून म्हणाले, "मकरपुऱ्यावाला त्या भावात देत नाही. त्याने चार वेळा मोजून बघितलं. म्हणतो, अशक्य." मग आवाज खाली आणून, "तिने नेमकं केलं काय रे?"

"'बरं' म्हणाल्या," मी सांगितलं.

"नुसतं बरं?"

"नुसतं बरं."

काका विचारात पडले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे माझ्या नावाला घाबरले! एवढ्या वर्षांची माझी मेहनत आहे ती." हे त्यांनी काकूंना जाऊन सांगितलं. काकू हसल्या आणि म्हणाल्या, "हो, तुमचीच. चला, जेवा आता."

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी शोरूमने लाल रिबन, पेढ्यांचा बॉक्स आणि पुठ्ठ्याची भलीमोठी चावी अशी तयारी ठेवली होती. फोटोसाठी मेहुलने ती चावी सवयीने काकांच्या पुढे केली. काकांनी दोन्ही हात मागे घेतले. "मालकीणबाई त्या," ते म्हणाले. आणि नारळ मात्र मागून घेतला. तो फुटता फुटेना. चौथ्या फटक्याला त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पाणी उडालं, तरी आनंद लपत नव्हता.

अक्कांकडे काकू पहिल्यांदा गाडी घेऊन गेल्या तेव्हा मी मागच्या सीटवर होतो. पाणीगेटच्या आतल्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी एकीला थांबावं लागतं. काका खाली उतरले आणि गाडीच्या पुढे चालू लागले. एका घरापाशी लावलेली मोटरसायकल हलवायला लावली, भाजीवाल्याची लारी, म्हणजे हातगाडी, स्वतः ढकलली, खाटेवर बसलेल्या एका आजोबांना खाटेसकट मागे सरकवलं. प्रत्येकाला सांगत होते, "जरा बाजूला भाई, बेन गाडी घेऊन येतायत." अक्कांना खुर्चीसकट खिडकीत आणलं होतं. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अरविंदा, तू पुढे का चालतोस? आत जागा नाही का?"

पुढच्या वर्षी माझी बदली हैदराबादला झाली. त्यानंतरच्या हिवाळ्यात काका गेले ते मला फोनवरच कळलं. जाणं जमलं नाही, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर ते अजून फतेगंजच्या सिग्नललाच आहेत.

हैदराबादला निघायच्या आधी मी सामान बांधायच्या गडबडीत, स्कूटरवरून पुठ्ठ्याची खोकी घेऊन चाललो होतो. सिग्नल हिरवा झाला तरी पुढचं काही हलेना. हॉर्नचा गदारोळ. पाहिलं तर सगळ्यात पुढे काकूंची पांढरी गाडी बंद पडलेली, आणि मागे सिटी बस, अगदी चिकटून. तेवढ्यात डावीकडचं दार उघडलं. काका उतरले, दार व्यवस्थित लावलं, बसच्या समोर जाऊन उभे राहिले आणि पोलिसासारखा एक हात वर केला. ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी ओरडला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, पण हात खाली घेतला नाही. हॉर्न हळूहळू थांबले.

काकूंनी चावी फिरवली. गाडी एकदा थरथरली, पुन्हा बंद. दुसऱ्यांदा सुरू झाली. आणि गचके न देता, अगदी अलगद, पुढे निघाली. चौक ओलांडून पलीकडे पोचली, आणि पुढे जातच राहिली. काकू काकांना विसरल्या होत्या.

बस त्यांना वळसा घालून गेली. रिक्षा गेल्या. काका रस्त्याच्या मधोमध, हात अजून अर्धा वर. मी स्कूटर त्यांच्याजवळ नेली आणि म्हणालो, "काका, बसा मागे, गाठू त्यांना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नजर त्या लांब जाणाऱ्या पांढऱ्या गाडीवर.

"बघितलंस?" ते म्हणाले. "क्लच किती हलका सोडला!"